ऐकणाऱ्याची जागा

"आता हेच वाक्य चुकवून बोला," शबनम मुजावर म्हणाली.

संयोगिताला वाटले, आपण नीट ऐकले नाही. खाली कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कापले जात होते, आणि तो बारीक, सलग, दातांच्या मुळाशी जाऊन बसणारा आवाज खिडकीच्या काचेतून झिरपत या खोलीभर पसरला होता. खोलीत दोन खुर्च्या, एक सतरंजी आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या काही उशा. टेबल नव्हते. टेबल नाही म्हणजे हात कुठे ठेवायचे, हा प्रश्न तिला आत आल्यापासून छळत होता. तिने नुकतेच एक वाक्य पूर्ण केले होते. 'माझ्या अस्वस्थतेचं मूळ परिपूर्णतेच्या आग्रहात असावं, असं मला वाटतं,' हे ते वाक्य. पायऱ्या चढताना तिने ते मनात घासूनपुसून ठेवले होते. 'आहे' म्हणावे की 'असावं', यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत विचार केला होता आणि 'असावं' अधिक विनम्र म्हणून निवडले होते.

"चुकवून म्हणजे?"

"म्हणजे वाट्टेल तसं. व्याकरण मोडा, शब्द गिळा, अडखळा. एकदाच."

संयोगिताने तोंड उघडले. मराठी शिकवण्यात ज्या बाईचे अर्धे आयुष्य गेले, जिला हजारो उत्तरपत्रिकांतल्या चुका झोपेतही दिसतात, तिला स्वतःची एक चूक सापडेना. अखेर तिने शब्द जुळवले. "माझी अस्वस्थतेचा मूळ... परिपूर्णतेच्या आग्रहात असावेत."

शबनम मोठ्याने हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, तरी संयोगिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बघा ताई, चूकसुद्धा इस्त्री करून घालून आलाय."

इस्त्री. तो शब्द तिच्या अंगावरून गरम तळाने फिरला. दीड महिन्यापूर्वी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गावर, एका कवितेतली ओळ फळ्यावर लिहिताना तिचा हात असाच अडला होता. 'विहिरीत' हा शब्द लिहायचा होता. विहीर दीर्घ, विहिरीत ऱ्हस्व. हा नियम ती दरवर्षी शिकवत आली होती, मुलांच्या वह्यांत दरवर्षी लाल शाईने दुरुस्त करत आली होती. तिने 'वि' काढला आणि पुढच्या अक्षराशी खडू थांबला. ऱ्हस्व की दीर्घ? नियम आठवत होता. त्याच्यावरचा विश्वास तेवढा कुणीतरी हळूच काढून नेला होता. जिन्याची पायरी दिसावी आणि पाय ठेवताच तिथे काही नसावे, तसे झाले. पाठीमागे बाके गप्प झाली. फळ्याचा काळा रंग खोल होत गेला, इतका की हात पुढे केला असता तर कोपरापर्यंत आत गेला असता. तिने खडू ठेवला, हात झटकले आणि एक शब्दही न बोलता वर्गाबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परतली. मग रजा. "अगं, एका वेलांटीसाठी रजा?" असे म्हणून तिचा नवरा अभिराम हसला होता, आणि तिचा चेहरा पाहून ते हसू त्याने अर्ध्यातच आवरले होते. सोमवारी ती रजा संपत होती. प्राचार्यांनी सौम्य शब्दांत कळवले होते की रुजू होता येत नसेल तर तसे सांगावे, दुसरी व्यवस्था करावी लागेल. राजीनामा लिहायलाही ती बसली होती. पण पहिल्याच ओळीत 'सविनय' हा शब्द जास्त होतो की कमी पडतो, हे ठरेना, म्हणून तोही राहिला. वर्गात उभे राहून बोलणे एवढी एकच गोष्ट आयुष्यात तिची स्वतःची होती. ती गेली तर उरणारी बाई कोण असेल, याची तिला कल्पना करवत नव्हती.

या खोलीपर्यंत ती सरळ आली नव्हती. आधी शाहूपुरीतल्या एका तरुण मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली. त्याने एक प्रश्नावली पुढे केली; एका उत्तरावर तिच्याकडून खाडाखोड झाली, तर तिने कोरा कागद मागून घेऊन सगळी उत्तरे नव्याने लिहिली. त्याने तिच्याकडे पाहिले, स्वतःच्या वहीत काही टिपले, आणि त्याने काय टिपले असेल याच विचारात तिचा आठवडा गेला. मग राजारामपुरीतले एक वयस्क समुपदेशक. ते शांतपणे ऐकत, मान हलवत. ती प्रत्येक भेटीची तयारी करून जाई. मुद्दे, उपमुद्दे, बालपण, विवाह, समारोप. "किती नेमकं मांडता हो तुम्ही!" असे ते एकदा भारावून म्हणाले, आणि पहिला वर्ग मिळाल्यासारखी ती पायऱ्या उतरली. तो आनंद गल्लीच्या टोकापर्यंत टिकला. तिथे नारळपाण्याच्या गाड्याशी उभे असताना तिला एकाएकी लख्ख कळले की आपण आजाराचाही विषय केला आहे आणि त्यात पहिल्या येत आहोत. आता कुणीतरी असे हवे होते जे आपल्या बोलण्याने भारावणार नाही, जे ऐकण्याऐवजी काही करायला लावील. मानसशास्त्र विभागातल्या ऋताला तिने हे सांगितले, तेव्हा ऋता म्हणाली, "आहे एक बाई. फार बोलू देत नाही. उठवते, बसवते, चालवते. रडवतेसुद्धा. पण तुला झेपेल का गं?"

तिने शबनमला फोन केला होता. पलीकडून भरघोस आवाज आला, "हां, बोला. शनिवारी अकराला मी असतो, या की."

असतो! बाई असून 'मी असतो'! संयोगिताने फोन कानापासून दूर धरला होता, तव्यावरचे बोट मागे घ्यावे तसा. तिच्या लहानपणी कुरुंदवाडच्या गल्लीतली प्रत्येक पोर, प्रत्येक बाई असेच बोलायची. मी जातो, मी जेवतो, मी न्हातो. बायकांच्या तोंडातल्या या पुरुषी क्रियापदाला बाहेरचे लोक हसतात, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हते. असते तरी कुणी पर्वा केली नसती. संयोगिताने ते आपल्या जिभेवरून कधीचेच खरवडून टाकले होते. भेट रद्द करायची, असे तिने फोन ठेवतानाच ठरवले. पण रद्द करण्यासाठी योग्य शब्द सापडेनात, आणि त्यामुळेच ती आली.

"बोलताना तुमची नजर सारखी तिकडं जाते," शबनम म्हणत होती. "दाराकडं. मी समोर बसलोय की हितं. तिकडं कोण हाय?"

"कुणी नाही."

"कुणी न्हाय, त्याला एवढं भ्यायचं? उठा बघू. कुठं हाय ते बोटानं दाखवा."

हा पोरखेळ आहे, असे म्हणायचे तिने ठरवले आणि ती उठून उभी राहिली. नाटकाच्या तालमी, रिकाम्या खुर्चीशी बोलणे, असल्या गोष्टींबद्दल तिने वाचले होते. मनातल्या मनात तिने त्या पद्धतीचे गुणदोषही मांडून ठेवले होते. पण तिचे बोट तिला न विचारता उठले आणि दाराच्या चौकटीशी, उजव्या बाजूला, दिव्याच्या बटणांजवळच्या एका जागी जाऊन थांबले. इतके नेमके की ती स्वतःच दचकली.

"उंची केवढी?"

तिने हात वर केला. आणखी वर. टाचा उचलल्या गेल्या.

"एवढा उंच?" शबनमचा आवाज आता खाली आला होता. "दाराच्याही वर?"

संयोगिताने आपल्या उंचावलेल्या हाताकडे पाहिले. इतका उंच माणूस जगात नसतो. तो इतका उंच दिसतो ते फक्त खालून, फार खालून पाहणाऱ्याला.

"तुम्ही किती वर्षांच्या हाय आत्ता, ताई?"

"दहा," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आले.

दादा. तिचे वडील, प्राथमिक शाळेतले शिक्षक, ज्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला होता. कोल्हापूरच्या वक्तृत्व स्पर्धेला ते तिला एसटीने घेऊन आले होते. कृष्णेवरचा पूल, खिडकीचे गज धरून पाठ म्हणणे, दादांच्या पांढऱ्या शर्टाला येणारा साबणाचा वास. व्यासपीठावर उभी राहिल्यावर समोरच्या गर्दीने तिच्या तोंडातले पाणी शोषून घेतले, आणि पाठ केलेले पहिलेच वाक्य बिघडले. 'मी आपल्यासमोर दोन शब्द बोलायला आलो आहे.' बाहेरगावचे एक परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "बाळ, तू मुलगा आहेस की मुलगी?" सभागृह हसले. एवढेच. याहून काही झाले नाही. हे तिने राजारामपुरीतही सांगितले होते, ओघवत्या भाषेत, किंचित विनोदाची पखरण करून. घरी आल्यावर दादा दाराशी उभे राहिले. ती खोलीच्या मध्यभागी. रोज संध्याकाळी तेच भाषण. एक क्रियापद घसरले की दादा म्हणत, "पहिल्यापासून." रागावत नसत, हात उगारत नसत. पहिल्यापासून. पुढे भाषण संपले, स्पर्धा संपल्या, शाळा संपली, दादा संपले, आणि तो एक शब्द घरभर मोकळा हिंडत राहिला. पोळी नकाशासारखी झाली की पहिल्यापासून. नणंदेला पाठवायच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, पहिल्यापासून. आंघोळ, कधीकधी तीही.

"त्या पोरीला जरा बोलू द्या," शबनम म्हणाली. ती आता खुर्ची सोडून सतरंजीवर बसली होती. "चांगलं न्हाय. नुसतं बोलू द्या. तिला काय पायजे?"

संयोगिताने एक सुयोग्य वाक्य शोधले. तिला स्वीकार हवा आहे. तिला निरपेक्ष प्रेमाची अपेक्षा आहे. ही वाक्ये ओठांपर्यंत आली, रांगेत उभी राहिली, आणि त्यांच्या पायांखालून, त्यांना बाजूला सारत, जाड, घोगरा, नाकातला एक आवाज वर आला.

"दादा, मला शू लागलीया. जातो की मी."

लेथचा आवाज थांबल्यासारखा झाला, किंवा तिला ऐकू येईनासे झाले असेल. संयोगिताने दोन्ही हातांनी तोंड झाकले. कोण बोलले हे? जीभ तिचीच होती. पण हा आवाज तिने ऐकला त्याला तीसेक वर्षे उलटली होती. तो मेला असे तिने धरले होते, त्याच्यावर व्याकरणाची फरशी बसवून तिने वर संसार थाटला होता. आणि तो मेला नव्हता. वाढलाही नव्हता. इतकी वर्षे ती पोर त्याच खोलीत, मांड्या आवळून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, सबंध भाषण बिनचूक होईपर्यंत बाहेर जायची परवानगी मिळण्याची वाट पाहत उभी होती. कुणी तिला सांगितलेच नव्हते की स्पर्धा संपली. लाज वाटायला हवी होती. एका अनोळखी बाईसमोर, एका नामांकित महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने हे असे बोलावे! पण लाजेला जागाच नव्हती. तिथे नुसता धक्का होता, पांढरा, सपाट, छातीच्या मधोमध, घराचा पत्रा वाऱ्याने उडाल्यावर आत एकाएकी आभाळ पडावे तसा.

शबनमने तिला जवळ घेतले नाही. पाणीही दिले नाही. "मग जावा की," ती म्हणाली. "कोण अडवतंय?"

"कुठे?"

"भाईर. चालत. त्याच्या बाजूनं."

दार चार पावलांवर असेल. संयोगिता निघाली आणि बटणांच्या जागेशी येताच तिचे पाय थांबले. तिथे हवा होती. हवेत कुणी नव्हते. हे तिला पूर्ण ठाऊक होते आणि तिला पुढे जाता येईना. "न्हाय जमत मला," तो जाड आवाज म्हणाला. "दमलो मी." मग संयोगिताने खांदा आत ओढून, एसटीच्या दारातून उतरणाऱ्या बाईसारखे तिरके होऊन, त्या रिकाम्या जागेला न शिवता स्वतःला बाहेर काढले. जिन्याच्या वळणावर उभी राहून ती रडली. रडण्यालाही आकार नव्हता. मध्येच उचकी, मध्येच हसू. खालच्या वर्कशॉपच्या दारातून एक माणूस हात पुसत वर पाहत होता. "काय झालं वो बाई?" त्याने विचारले. तिने मान हलवली, त्यानेही हलवली, आणि तो आत गेला.

ती परतली तेव्हा शबनम म्हणाली, "आता त्याच्या जागी उभ्या रहा. तुम्ही दादा. काय दिसतंय तिथनं?"

संयोगिता बटणांना पाठ लावून उभी राहिली. तिच्या मनात होते की आता तो शब्द उच्चारायचा, करड्या आवाजात, आणि मग शबनम काही विवेचन करील. समोर सतरंजीचा रिकामा मध्य. "लहान आहे ती," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला आठवले. आठवणे हा शब्द अपुरा आहे. पाठीवर कुणी हात ठेवावा तसे ते आले. परीक्षकांनी विचारल्यावर सभागृह हसले, ते पहिले हसू. मग मागच्या रांगेतून दादा उठले होते. पांढरा शर्ट, हातात एसटीची तिकिटे. आणि वर्गात प्रमाणभाषा शिकवणाऱ्या तिच्या वडिलांनी भर सभेत हात जोडून म्हटले होते, "मुलगीच हाय जी ती. आमच्याकडं आसंच बोलत्यात." त्यावर दुसरे हसू उठले. ते फार मोठे होते. ते त्यांना होते. ते दुसरे हसू ती समूळ विसरली होती. प्रत्येक निवेदनातून, प्रत्येक मुद्द्यातून ते गळले होते. परतीच्या एसटीत दादा एक शब्द बोलले नव्हते. तो हसणारा जमाव त्यांच्या मागोमाग कुरुंदवाडपर्यंत आला होता, आणि रोज संध्याकाळी दाराशी पाठ लावून ते त्याला बाहेर थोपवत होते.

"त्यांना हसले होते," ती म्हणाली. "माझ्याहून जास्त." मग ती घाईने पुढचे जुळवू लागली. "म्हणजे त्यांचा दोष... म्हणजे ते बिचारे..."

"थांबा, थांबा." शबनमने तळहात उचलला. "लगेच निबंध लिहू नका. त्यांचं दुखलं, मान्य. पण पोरीला शू लागलीती, हेपण मान्य. दोन्ही राहू द्या तसंच. जोडू नका."

जोडू नका. संयोगिताला त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी, मध्ये उभयान्वयी अव्यय नसलेल्या, नुसत्या पडलेल्या दिसल्या. त्यांच्यामधली फट भयानक होती. आयुष्यभर तिने अशा फटी बुजवण्याचेच काम केले होते.

"सोमवारी कॉलेज हाय न्हवं?" निघताना शबनमने विचारले.

"हो. म्हणजे... जाता येईल का, माहीत नाही."

"जावा. पण तयारी करू नका. टाचण न्हाय, मनात म्हणून बघणं न्हाय. आनी पुढच्या शनवारी या. बरं वाटलं न्हाय तरी या. बरं वाटलं तर तर याच."

सोमवारी ती वर्गात शिरली तेव्हा तिच्या हातात फक्त पुस्तक होते. खिडकीकडच्या बाकांवर ऊन पडले होते. मुले उभी राहिली, बसली, पुन्हा आपापल्या कुजबुजीत बुडाली. तिने कविता उघडली, पहिली ओळ वाचली. आवाज चिरकला. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तिला धागा सापडेना. एक शब्द तिने गाळला, हे तिला कळले, आणि ती थांबली. आता. आता हसतील. तिने पुस्तकाच्या कडेवर अंगठा दाबून धरला आणि सभागृहाच्या त्या हसण्याची वाट पाहिली. एक पंखा कुरकुरत होता. पहिल्या बाकावरची मुलगी ओढणीचा धागा तोडत होती. दोन मुले बाकाखाली मोबाइलवर काही पाहत होती. कुणीही हसले नाही, कुणीही चमकले नाही. शांततेत तिला समजू लागले की काही चुकले आहे हे या खोलीत तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, आणि तिला भोवळ आली. कड्याच्या टोकाशी कठडा आहे म्हणून जन्मभर टेकून उभे राहावे आणि वळून पाहिल्यावर तिथे कधी कठडाच नव्हता हे दिसावे, तशी.

"मी एक शब्द गाळला," ती म्हणाली. "कुणाच्या लक्षात आलं का?"

बाकांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटच्या रांगेत भैरवी नावाची एक मुलगी उभी राहिली. गडहिंग्लजकडची, एरवी गप्प असणारी. "म्याडम, रागावणार न्हाय न्हवं?"

"नाही. बोल."

"आमाला मागं ऐकूच येत न्हाय."

"आज माझा आवाज जरा बसला आहे. म्हणून असेल."

"आज न्हाय म्याडम. कधीच." भैरवीने शेजारणीकडे पाहून धीर गोळा केला. "तुम्ही लई बारीक बोलताय. आम्ही गाईडातनं करतोय सगळं."

वर्ग हसला. खळखळून, पाठीवर थापा मारत, सगळाच्या सगळा. संयोगिता त्या हसण्यात उभी होती. घासूनपुसून उच्चारलेली तिची ती सगळी वाक्ये, एकही वेलांटी न चुकलेली, इतकी वर्षे चौथ्या बाकापर्यंत जाऊन जमिनीवर पडत होती, आणि मागच्या पोरी ते शांतपणे, आदराने, कुणाला न सांगता सोसत होत्या. तिने मागच्या रांगेकडे पाहिले. ती किती लांब होती! तिथे चेहरे होते. वाट पाहणारे, जांभई आलेले, काजळ लावलेले खरे चेहरे, आणि त्यांतला एकही तिच्यापेक्षा उंच नव्हता.

"मग काय करू मी?" तिने विचारले. हा प्रश्न तिने वर्गात आजवर कुणाला विचारला नव्हता.

"वरडा की, म्याडम!" भैरवी म्हणाली.

संयोगिताने पुस्तक मिटले. पुढची ओळ तिला आठवत नव्हती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडले.